लावलेलं ताम्हण माना टाकतंय? आधी माती बघा



पावसाळ्यात आपल्या गटांनी शाळेपुढं, अंगणवाडीपुढं, देवळाच्या आवारात ताम्हणाची रोपं लावली. ताम्हण म्हणजे जारूळ, आपलं राज्यफूल. पण आता गावोगावी एकच तक्रार ऐकू येते, "मॅडम, रोप सुकायला लागलंय." मग कोणी रोज दोन बादल्या पाणी ओततं, कोणी मूठभर युरिया टाकतं. वाचणारं रोपही त्यानेच जातं.

असं का होतं? रोप एका जागेवरून दुसरीकडे नेताना त्याची बारीक मुळं तुटतात. पाणी ओढणारी मुळं हीच. पानं मात्र तेवढीच राहतात. म्हणजे पिणारी तोंडं तितकीच आणि पाणी आणणारे हात कमी. नवी मुळं फुटेपर्यंत आपण एवढं करायचं:

१. जिवंत आहे का ते बघा. फांदीची साल नखाने थोडी खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर जीव आहे. तपकिरी, कोरडं असेल तर खाली खोडाजवळ बघा. ताम्हणाची पानं हिवाळ्यात गळतातच. पानं गेली म्हणून लगेच उपटू नका.

२. माती हातात घ्या. आळ्यात वीतभर खोल उकरा. मातीचा चिकट लाडू होत असेल तर पाणी थांबवा. भुगा होत असेल तर सावकाश, भरपूर पाणी द्या. पाणी कमी झालं तरी पानं लोंबतात आणि जास्त झालं तरी लोंबतात. काळ्या जमिनीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून नुसत्या पानांवरून ठरवू नका.

३. खोड मोकळं ठेवा. खोडाला लागून मातीचा ढीग असेल तर तो बाजूला करा. आळ्यात पालापाचोळा किंवा पाचट चार बोटं जाड पसरा, पण खोडापासून लांब.

४. खत नको. नवी पालवी नीट फुटेपर्यंत युरिया अजिबात नको. कमजोर मुळं त्याने करपतात.

५. हिरव्या फांद्या छाटू नका. मुळांसाठी अन्न पानंच तयार करतात. फक्त वाळलेलं काढा.

६. आधार आणि सावली द्या. काठीला जुन्या साडीच्या पट्टीने सैल बांधा. ऊन कडक झालं की पश्चिमेकडून गोणपाट लावा.

आपले काही गट रोपवाटिका चालवतात. रोप मेलं की गिऱ्हाईक बदलून मागतं आणि तो खर्च गटाच्या नफ्यातून जातो. म्हणून रोप विकतानाच ही माहिती सांगा.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने माती बघायची पाळी ठरवून रजिस्टरमध्ये लिहायची आहे. येणारा उन्हाळा पार पडेपर्यंत ही पाळी मोडू नका. सगळ्यांचं झाड म्हटलं की पाणी कोणीच घालत नाही, हे आपल्याला माहीतच आहे.