किती इंची व्हाइस घ्यावा?

दुकानात जाऊन व्हाइस मागितला की दुकानदार विचारतो, "किती इंची देऊ?" इथेच आपण अडखळतो. मग तो देईल तो घेऊन घरी येतो. असे करू नये. पैसा आपला, काम आपले. तेव्हा मापही आपणच सांगावे.

व्हाइस कशाला हवा?

व्हाइस म्हणजे टेबलावर बसवायची लोखंडी पकड. कोणी त्याला शेगडा असेही म्हणतात. त्याला दोन जबडे असतात. एक जबडा जागचा हलत नाही. दुसरा पुढेमागे सरकतो. दांडा फिरवला की जबडे मिटतात आणि मधली वस्तू घट्ट धरली जाते.

पुष्कळ लोक विळा पायाखाली दाबून कानस मारतात. बोल्ट एका हातात धरून दुसऱ्या हाताने कापतात. वस्तू सटकली की तळहात फाटतो. चार दिवस काम बुडते. व्हाइस असला की वस्तू तो धरतो. आपले दोन्ही हात मोकळे राहतात.

इंच कशाचे?

४ इंची व्हाइस म्हणजे ज्याचा जबडा ४ इंच रुंद आहे तो. ४ इंच म्हणजे सुमारे १०० मिलिमीटर. जबडे किती उघडतात ते माप वेगळे. ते दुकानातच दांडा फिरवून, पट्टी लावून पाहावे.

कोणत्या कामाला कोणता?

आधी घरच्या कामांची यादी करा. वर्षातून एकदा येणारे काम सोडा. नेहमीचे काम धरा.

३ इंची: सायकलचे बारीक भाग, विजेच्या फिटिंगचे लहानसहान काम.

४ इंची: विळा, खुरपे, कोयता कानसणे, बोल्ट कापणे, पातळ पट्टी वाकवणे. शेतकऱ्याच्या घराला बहुधा हा पुरतो.

५ इंची: ट्रॅक्टरच्या अवजारांच्या जाड पिना, जाड पट्ट्या. असे काम नेहमी असेल तरच घ्यावा.

६ इंची व त्याहून मोठा: हा वेल्डिंगच्या किंवा दुरुस्तीच्या दुकानाला शोभतो.

मोठा तो चांगला का?

नाही. मोठ्या व्हाइसला टेबलही तसेच भक्कम लागते. टेबल डुगडुगते असेल तर कानस उड्या मारते आणि करवतीचे पाते मोडते. मग मोठ्या व्हाइसला दिलेले जास्तीचे पैसे फुकट गेले.

लहान घेतला तरी नुकसान आहे. वस्तू नीट धरली जात नाही. मग माणूस दांड्यावर पाइप चढवून जोर लावतो. तेव्हा दांडा वाकतो, आटे जातात. पुष्कळ व्हाइस बिडाचे असतात. बीड वाकत नाही, ते एकदम तुटते. म्हणून दांडा फक्त हाताने आवळावा. तेवढ्याने वस्तू धरत नसेल तर व्हाइस त्या कामाला लहान आहे असे समजावे.

घणाचे काम बिडाच्या व्हाइसवर करूच नये. लोहाराचा व्हाइस वेगळा असतो. त्याला जमिनीपर्यंत लांब पाय असतो. घाव त्या पायातून जमिनीत उतरतो.

घेताना काय पाहावे?

१. जबडे पूर्ण मिटवा. मध्ये फट दिसता कामा नये.

२. जबड्याच्या दोन्ही टोकांना कागदाची एकेक पट्टी धरून हलके आवळा. दोन्ही पट्ट्या ओढून पाहा. एक घट्ट आणि एक सैल असेल तर जबडे सारखे मिटत नाहीत.

३. सरकणारा जबडा हाताने हलवून पाहा. फार खडखडत असेल तर घेऊ नका.

४. जबड्यांवरच्या पोलादी पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असाव्यात. झिजल्या तर बदलता येतात.

५. जुना घेत असाल तर तडा गेलेला किंवा वेल्डिंगने सांधलेला नको.

कसा बसवावा?

व्हाइस टेबलाच्या पायाच्या वर बसवावा. टेबलाच्या मधोमध फळी दबते. न हलणारा जबडा टेबलाच्या कडेपेक्षा किंचित पुढे यावा. म्हणजे लांब सळई उभी धरता येते. आरपार बोल्ट घालून खालून वायसर आणि नट आवळावे. नुसत्या स्क्रूवर भरवसा ठेवू नये. जबड्याचा वरचा भाग आपल्या कोपराच्या उंचीला यावा. म्हणजे पाठ दुखत नाही.

तेव्हा बाजारात जाण्याआधी दोन गोष्टी करा. नेहमीच्या कामातली सगळ्यात जाड वस्तू मोजा. टेबल दोन्ही हातांनी हलवून पाहा. ही दोन उत्तरे मिळाली की दुकानदाराला माप ठणकावून सांगता येईल. अंथरूण पाहून पाय पसरावेत, तसे काम आणि टेबल पाहून व्हाइस घ्यावा.

उत्तरे द्या

१. ५ इंची व्हाइस म्हणजे कशाचे माप ५ इंच?

२. दांड्यावर पाइप का चढवू नये?

३. कागदाच्या पट्ट्यांनी काय कळते?

करून पाहा

या महिन्यात घरी कोणकोणती वस्तू कानसली, कापली किंवा वाकवली, ते वहीत लिहा. त्यावरून तुम्हाला किती इंची व्हाइस लागेल ते ठरवा.