ॲसेटिक आम्लाची समीकरणे आणि किराणा दुकानातील साहित्य

शेलूबाजार हे वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील बाजारगाव. अशा गावी सिरका, खाण्याचा सोडा व चुना किराणा दुकानातच मिळतो. ॲसेटिक आम्लाची समीकरणे शिकविण्यास शिक्षकाला याहून फारसे साहित्य लागत नाही. तरीही हा धडा पुष्कळदा फळ्यावरच उरकला जातो, विद्यार्थी समीकरणे पाठ करतात आणि रेणूंचे आकडे चुकतात.

चुकीचे मूळ बहुधा एकच असते. या आम्लाच्या रेणूत हायड्रोजनचे ४ अणू असतात. परंतु ऑक्सिजनला जोडलेला १ अणूच आम्लाचे कार्य करतो. कार्बनला जोडलेले ३ अणू जागचे हलत नाहीत. म्हणून सोडियमच्या एका अणूस आम्लाचा १ रेणू पुरतो, तर २ संयुजेच्या कॅल्शियमला २ रेणू लागतात.

१ ॲसेटिक आम्ल + १ सोडियम बायकार्बोनेट → १ सोडियम ॲसेटेट + १ पाणी + १ कार्बन डाय-ऑक्साइड

२ ॲसेटिक आम्ल + १ कॅल्शियम हायड्रॉक्साइड → १ कॅल्शियम ॲसेटेट + २ पाणी

पहिल्या समीकरणाचा ताळा रेणुभारांनी घेता येतो. डावीकडे ६० व ८४ मिळून १४४. उजवीकडे ८२, १८ व ४४ मिळून तेवढेच. बाटलीवर आम्लाचे प्रमाण ४ टक्के लिहिलेले असेल, तर १०० ग्रॅम सिरक्यास ५.६ ग्रॅम सोडा पुरतो. त्यानंतर आणखी सोडा टाकला तरी फसफस होत नाही. उघड्या भांड्याचे वजन मात्र घटते, कारण सुमारे २.९ ग्रॅम वायू तयार होऊन त्यातील बराचसा निघून जातो. समीकरण खोटे ठरले असे विद्यार्थ्यांस वाटण्याचा हाच क्षण. शिक्षकाने तेथे थांबावे. हा वायू दीड लिटरहून अधिक जागा व्यापतो, तेव्हा बाटलीला बूच लावून प्रयोग कदापि करू नये. कार्बोनेटसाठी अंड्याचे कवच घ्यावे. फळ्यावरचा खडू पुष्कळदा जिप्समचा असतो व तो फसफसत नाही.

घरच्या अनुभवाशी जुळणारे उदाहरण तांब्याचे. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, हे घरोघरी ठाऊक आहे. तांबे आम्लातील हायड्रोजनला हुसकावू शकत नाही. त्यास हवेतील ऑक्सिजनची मदत लागते. विद्यार्थी उजव्या बाजूस हायड्रोजन वायू लिहितात, ते येथे चूक होय.

२ तांबे + १ ऑक्सिजन + ४ ॲसेटिक आम्ल → २ कॉपर ॲसेटेट + २ पाणी

सिरक्यात तांब्याची तार अर्धी बुडवून काही दिवस ठेवल्यास द्रावणास निळसर-हिरवी छटा येते. हे द्रावण विषारी असल्याने चाखू देऊ नये. ताकातील आम्ल लॅक्टिक व चिंचेतील मुख्यतः टार्टारिक. तेथे क्षारांची नावे बदलतात.

शाळेच्या कपाटातील तीव्र आम्ल या प्रयोगांस वापरू नये. त्याने त्वचा भाजते. शुद्ध आम्ल १६.६ अंश सेल्सिअसला गोठते, त्यामुळे थंडीच्या दिवसांत सकाळी बाटलीत बर्फासारखे स्फटिक दिसल्यास आम्ल बिघडले असे समजू नये.