अंगणातील पेव्हर ब्लॉकचा हिशेब : सुटे माप आणि बसलेले माप

व्यापारी बंधूंनो, सुती कापड विकताना आपण गिऱ्हाइकाला सांगतो की, पहिल्या धुण्यात कापड आटते, म्हणून कुर्त्यासाठी थोडे जास्त घ्या. खडी-मुरमाचीही तीच गत आहे. पण आयुष्य कापड मोजण्यात गेले तरी ही गोष्ट आम्हाला नुकसान सोसल्यावरच कळली.

आमच्या दुकानामागे २४ फूट लांब व १५ फूट रुंद मोकळी जागा आहे. गठऱ्यांच्या हातगाड्या तेथेच वळतात. तेथे पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले. खाली ६ इंच खडीचा थर हवा, असे मिस्त्रींनी सांगितले. आम्ही कागदावर हिशेब केला : २४ × १५ = ३६० चौरस फूट; गुणिले अर्धा फूट, म्हणजे १८० घनफूट. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणून १.८ ब्रास माल मागविला. कॉम्पॅक्टर मशीन फिरल्यावर थर जेमतेम साडेचार इंच उरला. उरलेली उंची वाळूने भरून काढली गेली. पहिल्याच पावसाळ्यात गाड्यांच्या वळणावर ब्लॉक खचले आणि पाणी शेजाऱ्याच्या भिंतीला लागले. चूक मिस्त्रींची नव्हती, आकडा आम्हीच दिला होता. शेजाऱ्याची माफी मागितली, भिंतीचा गिलावा करून दिला आणि सारे काम उकलून पुन्हा केले. मजुरी दुप्पट गेली ती वेगळीच.

आपल्यापैकी अनेकांना दुकान, कारखाना वा घराच्या अंगणात हे काम करावे लागते. म्हणून बरोबर हिशेब याच जागेवर मांडून दाखवितो.

१) ब्लॉक : पायी वावर आणि हातगाडी असेल तर ६० मि.मी. जाडी पुरते. टेम्पो आत येणार असेल तर ८० मि.मी. घ्यावी. २०० × १०० मि.मी. आकाराचे ब्लॉक एका चौरस मीटरला ५० लागतात. ३६० चौरस फूट म्हणजे सुमारे ३३.४५ चौरस मीटर; म्हणजे १,६७३ ब्लॉक. कडेला कापावे लागतात, काही फुटतात, म्हणून ५ टक्के जास्त धरावेत : सुमारे १,७६०. तिरकी मांडणी असेल तर १० टक्के धरावेत. थानाचा रंग जसा लॉटप्रमाणे बदलतो तसा ब्लॉकचाही बदलतो. म्हणून सर्व माल एकाच लॉटचा घ्यावा आणि दुरुस्तीसाठी वीस-पंचवीस नग बाजूला ठेवावेत.

२) खडीचा थर : येथे फक्त एकाच मापाची खडी चालत नाही. मोठी, बारीक आणि भुकटी असे मिश्रण हवे, तरच थर घट्ट बसतो. बसलेले माप १८० घनफूट हवे, तर सुटे माप २५ ते ३० टक्के जास्त मागवावे. ३० टक्के धरल्यास १८० × १.३ = २३४ घनफूट, म्हणजे २.३४ ब्रास. जमीन काळ्या मातीची असेल तर ती पावसात फुगते व उन्हात भेगाळते. तेथे आणखी खोल खोदून खाली ६ इंच मुरूम द्यावा. त्याचेही आणखी २.३४ ब्रास धरावेत. थर एकदम न टाकता तीन-तीन इंचांचा टाकावा, पाणी शिंपडावे आणि प्रत्येक वेळी मशीन फिरवावे.

३) वाळू किंवा ग्रिट : ही फक्त ब्लॉकची गादी आहे, भरणी नव्हे. सुटी दीड इंच पुरते. ३६० × १.५ ÷ १२ = ४५ घनफूट; सांडलवंड धरून अर्धा ब्रास. सांधे भरण्यासाठी बारीक कोरडी वाळू सिमेंटच्या पोत्याने तीन-चार पोती लागते. खडीच्या थरातील खड्डा वाळूने कधीही भरू नये. जाड वाळू चाकाखाली सरकते. आमचे ब्लॉक त्यामुळेच खचले.

४) खोदकाम : खडी ६ इंच, बसलेली वाळू सुमारे १ इंच आणि ब्लॉक जवळजवळ अडीच इंच, म्हणजे साडेनऊ इंच खोदावे लागते. ३६० चौरस फुटांची ही माती २८५ घनफूट होते. पण खोदलेली माती फुगते. सव्वापट धरली तर सुमारे ३.५ ब्रास माती उचलावी लागेल. हा खर्च बहुतेक जण विसरतात.

५) कड व उतार : आमच्या जागेला तीन बाजूंनी भिंत आहे. उघड्या बाजूला २४ रनिंग फूट कर्ब सिमेंटमध्ये पक्का बसवावा लागला. नाहीतर कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात. उतार पाच फुटांना एक इंच द्यावा, म्हणजे १५ फुटांत ३ इंच. तो खोदकामातच द्यावा आणि आपल्या गटाराकडेच द्यावा. शेजाऱ्याच्या हक्काविषयी आपल्याला किती ताकीद आहे, हे सांगण्याची गरज नाही.

आता माल घेतानाची गोष्ट. ट्रॉलीला सवयीने ‘एक ब्रास’ म्हणतात, पण टेप लावून पाहावे. आतून ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि माल पावणेदोन फूट उंच भरला असेल तर तो ८७ घनफूटच होतो. ओलसर वाळू फुगून जास्त दिसते आणि वजनाने घेतली तर पाण्याचे पैसे जातात. म्हणून शक्यतो कोरडी घ्यावी. माप गाडी रिकामी होण्यापूर्वी, पुरवठादारासमोर आणि गोडीने घ्यावे. बिलावर ब्लॉकची जाडी, ग्रेड व नग लिहून घ्यावेत.

घेताना पुरे आणि देताना कमी मोजणाऱ्यांना सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा आहे. तो आपण गज हातात असताना आठवतो, तसा टेप हातात असतानाही आठवावा. आपले बंधू जे मिस्त्री व ठेकेदार आहेत, त्यांनी गिऱ्हाइकाला सुटे माप आणि बसलेले माप दोन्ही कागदावर लिहून द्यावेत. गिऱ्हाइकाला हिशेब समजला तर तंटा होत नाही. जास्त मागवून माल कोपऱ्यात पडू देणे हा इसराफ आहे आणि कमी मागवून काम कच्चे ठेवणे हा घाटा आहे. बरोबर मोजणे यातच बरकत आहे. अल्लाह आपल्या सर्वांना त्याची तौफीक देवो. आमीन.