जर्मन ग्रे : एक रंग, अनेक छटा

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे 'ग्रे'ला मराठीत राखाडी म्हणायचं की करडा, इथूनच माझी अडचण सुरू होते. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात. पण रणगाड्याच्या मॉडेलला कुठला ग्रे लावायचा हे शिकायला मला अख्खं सेमिस्टर लागलं. तुमचं तेवढं जाऊ नये, म्हणून हा लेख.

गेल्या वर्षी प्रदर्शनासाठी मी १/३५ स्केलचा पँझर-३ बनवला. प्रसंग ठरवला फ्रान्स, मे १९४०. अधिकृत नंबरशी जुळणारा रंग आणला आणि सरळ बाटलीतून मारला. रूमच्या ट्यूबलाईटखाली पार्टनर म्हणाला, "कोळशात पडला होता का रे?" वर्कशॉपच्या सरांनी चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "यात वेल्डिंग कुठे आहे?" दोन महिने खपून केलेलं बारीक काम कोणाला दिसलंच नाही. खूप वाईट वाटलं. मग चूक शोधायला बसलो.

१. आधी तारीख, मग रंग

जर्मनीत १९२७ साली आर.ए.एल. या संस्थेने रंगांना नंबर देणारा तक्ता काढला. रणगाड्यांचा गडद ग्रे त्यात ४६ नंबरचा होता. पुढे तोच ७०२१ झाला. आज त्याचं नाव 'श्वार्त्सग्राउ', म्हणजे काळा-करडा. नावातच काळा आहे!

पण १९३९ च्या पोलंड मोहिमेत आणि १९४० च्या फ्रान्समध्ये नियमाप्रमाणे रंग दोन होते : दोन तृतीयांश गडद ग्रे आणि एक तृतीयांश गडद ब्राऊन. दोन्ही इतके गडद की ब्लॅक अँड व्हाईट फोटोत वेगळे ओळखूच येत नाहीत. म्हणून मॉडेल करणारे वर्षानुवर्षं सगळे रणगाडे नुसते ग्रे समजत आले. रंगाची बचत म्हणून जुलै १९४० मध्ये फक्त ग्रे ठेवण्याचा हुकूम निघाला. फेब्रुवारी १९४३ पासून मूळ रंग गडद पिवळा झाला. आफ्रिकेतल्या गाड्यांना तर १९४१ पासूनच वाळवंटी रंग होते.

म्हणजे माझा मे १९४० चा नुसता ग्रे रणगाडा मुळातच चुकला होता.

२. मॉडेलवर रंग गडद का दिसतो?

साधं गणित करू. १/३५ चं मॉडेल आपण ३० सेंटीमीटरवरून बघतो. ३० × ३५ = १०५० सें.मी., म्हणजे खरा रणगाडा साडेदहा मीटरवरून बघितल्यासारखं झालं. एवढ्या हवेने रंग फारसा फिका होत नाही, हे मान्य. पण खऱ्या गाडीवर उन्हाने कडा चमकतात, धूळ बसते, रंग विटतो. छोट्या मॉडेलवर यातलं आपोआप काहीच होत नाही. शिवाय शेवटी आपण पातळ काळपट रंगाचा वॉश देतो, त्याने ते आणखी गडद होतं. म्हणून सुरुवातच थोडी फिकी हवी.

३. छटा कशी ठरवायची?

टाकाऊ प्लॅस्टिकच्या चार पट्ट्या घ्या. पहिलीवर बाटलीतला ग्रे तसाच लावा. बाकी तिघींसाठी दर दहा थेंबांत एक, दोन, तीन थेंब पांढरा मिसळा. नुसत्या पांढऱ्याने ग्रे निळसर दिसू लागतो. तसं झालं तर एक थेंब बफ टाका. मागे प्रमाण लिहायला विसरू नका (मी विसरलो होतो!). पूर्ण वाळू द्या, वॉश द्या आणि मगच निवडा, तेही खिडकीशी, दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाईट फसवते. म्युझियममधल्या गाडीवरही डोळे मिटून विश्वास नको. तिथे पुन्हा रंगवलेल्या गाड्या पुष्कळ असतात.

मी दोन थेंबवाली पट्टी निवडली, तिच्यावर ब्राऊनचे पट्टे दिले आणि रणगाडा पुन्हा रंगवला. शेजारी एक कार्डही ठेवलं : कुठला देश, कुठलं वर्ष, कोणावर चढाई. कारण हा रंग शोभेचा नव्हता, दुसऱ्याच्या देशात घुसताना लपण्यासाठी होता. ते विसरून नुसती छटा जुळवण्यात काही अर्थ नाही, असं मला वाटतं.

यंदा सरांनी पुन्हा चष्मा पुसला. म्हणाले, "हां, आता वेल्डिंग दिसतंय." मग कार्ड वाचलं, आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.