आवाजाच्या शेतात तुरीच्या ओळी

वाशीम जिल्ह्यातल्या जऊळक्यात एखाद्या घरात बारावी झालेली पोरगी म्हणाली, "मला आवाजाचं काम करायचंय," तर बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: पगार किती? त्यांना खरं सांगून टाकावं. पगार नाही, गिऱ्हाईक आहे. आणि गिऱ्हाईक एकच असेल तर तो धंदाही नाही.

तिथल्या शेतकऱ्याला हे शिकवायची गरज नाही. नुसतं सोयाबीन पेरलं आणि ऐन काढणीत पाऊस कोसळला, की वर्ष गेलं. म्हणून मधे तुरीच्या ओळी असतात. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, तुरीचा संक्रांतीनंतर. आवाजाच्या कामातही कोण किती देतो यापेक्षा केव्हा देतो, हे बघावं लागतं. लग्नाच्या किंवा उद्घाटनाच्या सूत्रसंचालनाचं पाकीट त्याच दिवशी हातात पडतं. प्रचारगाडीचं रेकॉर्डिंग रोखीचं, पण निवडणूक असेल तेव्हाच. एजन्सीकडून आलेल्या जाहिरातीत रक्कम मोठी, मात्र बिल दोन-तीन महिने लोंबकळतं. ऑडिओबुकचा दर त्यामानाने बेताचा, तरी एक जाडजूड कादंबरी कित्येक दिवस पुरते. मार्च २०२० मध्ये डबिंग स्टुडिओ बंद पडले, तेव्हा निव्वळ डबिंगवर असलेले हात बांधून बसले. घरात गोधड्या टांगून पुस्तकं वाचता येणाऱ्यांना निदान एक वाट होती.

'पुष्पा'च्या हिंदी आवृत्तीत अल्लू अर्जुनला आवाज श्रेयस तळपदेचा, 'बाहुबली'त प्रभासला शरद केळकरचा. ही नावं ऐकून मुंबईचं तिकीट काढू नका. दोघंही मुळात नट. त्यांचंही पोट एकट्या डबिंगवर नाही.

अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या जऊळक्याला अकोला जवळ आहे, आणि तिथं आकाशवाणी आहे. नैमित्तिक उद्घोषकांसाठी जाहिरात निघाली की अर्ज करा, स्वरचाचणी द्या. महिन्याला मोजक्या ड्युट्या मिळतात, त्यावर घर चालत नाही. पण श्वास, उच्चार आणि घड्याळ सांभाळायला शिकवणारी याहून स्वस्त शाळा मला माहीत नाही.

कुणी म्हणेल, आधी वऱ्हाडी घालवा. मुळीच नको! प्रमाण मराठी शिका, हिंदी घासूनपुसून घ्या, आणि वऱ्हाडी जपून ठेवा. बियाण्याची जाहिरात विदर्भात चालवायची असेल, तर "काऊन रे भाऊ" सहज म्हणणारा गळाच लागतो.

फोनवरच्या यांत्रिक सूचनांसारखी सोपी कामं आता संगणकी आवाज करू लागलेत. म्हणून करारात 'हा आवाज एआय शिकवायला वापरायचा नाही' असं लिहून घ्या. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंगच्या आवाजाची एआयने नक्कल करायला मनाई केली. तुमच्या पोरीला कोर्टात जाणं परवडणार नाही, कागद परवडेल. एजन्सीने टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरायला विसरू नका.

माझा हिशेब साधा आहे: एकाच गिऱ्हाइकाकडून वर्षाच्या कमाईच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त पैसा येत असेल, तर काम भरपूर असतानाच दुसरी दारं ठोठावा.

बाबा, महागडा माइक आत्ताच घेऊन देऊ नका. आधी तिला मोबाईलवर एक जाहिरात, एक कथा आणि एक वऱ्हाडी संवाद, असे एकेका मिनिटाचे तीन नमुने करू द्या, आणि ते तीन वेगवेगळ्या लोकांना पाठवू द्या.