ओल्या मुलखातील कोंबडीघराची गादी

कोकणात व घाटमाथ्यावर पावसाळ्यात कोंबड्यांची जी हानी होते, तिचे मूळ पुष्कळदा खाद्यात वा जातीत नसून पक्ष्यांच्या पायाखालच्या गादीत असते. देशावर उघडीप मिळताच वाळणारी गादी येथे आठवडेच्या आठवडे ओली राहते. महाबळेश्वर, आंबोली अशा ठिकाणी तर गारठ्याची भर पडते. सबब देशावरील रीत येथे जशीच्या तशी उचलू नये.

ही ओल केवळ पावसाचीच असते असे नाही. अंड्यावरील कोंबडी दिवसाला सुमारे ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते व त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. म्हणजे शंभर पक्ष्यांच्या घरात रोज वीस-पंचवीस लिटर पाणी जाते आणि त्यातील बहुतेक विष्ठेतून व श्वासातून तेथेच बाहेर पडते. छप्पर कितीही पक्के असले तरी हे पाणी चुकत नाही. ते शोषून पुन्हा हवेत सोडणे हे गादीचे काम होय. म्हणून सामान पाणी किती शोषते, यापेक्षा ते किती लवकर सोडते व मोकळे राहते की नाही, हे ओल्या मुलखात आधी पाहावे.

भाताचा पेंढा घरचा व फुकटचा. परंतु अखंड पसरल्यास विष्ठेने त्याची चटई बनते, जी वरून कोरडी व खालून कुजलेली असते. वापरावयाचाच तर बारीक तुकडे करून दुसऱ्या सामानात मिसळावा. करवतीचा बारीक भुसा ओला होताच लगदा होतो आणि लहान पिले तो खातातही. काथ्याचा भुसा पाणी फार धरून ठेवतो. पावसाळ्यात तो नको. भाताचे तूस पाणी कमी शोषते म्हणून पुष्कळजण त्यास कमी लेखतात. तथापि ते दबत नाही, कोंबड्या ते सहज उकरतात, आणि भाताच्या गिरणीवर ते जवळच मिळते. आमच्या मते दोन भाग तूस व एक भाग रंध्याची सालपटे हे मिश्रण या भागास सर्वांत सोयीचे.

सामान मात्र कोरडेच हवे. कुबट वासाच्या तुसातील अथवा उसाच्या चिपाडातील बुरशी पिलांच्या फुप्फुसांत शिरते, पिले चोच उघडून धापा टाकतात, व त्यावर खात्रीचा इलाज नाही. मृगापूर्वीच पोती भरून जमिनीपासून उंच फळ्यांवर रचावीत.

गादी एप्रिल-मे महिन्यात तीन इंच घालावी व थोडी थोडी भर घालीत सहा इंचांपर्यंत न्यावी. पाऊस लागेपर्यंत तिच्यातील जीवाणूंचे कार्य सुरू होते व त्या कुजण्याची ऊब पक्ष्यांना गारठ्यात लाभते. भर पावसात सारी गादी काढून नवी घालणे म्हणजे ही ऊब फेकून देणे होय. पाण्याच्या भांड्यांभोवतीचा ओला भाग तेवढा रोज काढावा आणि उरलेली गादी दाताळ्याने हलवावी.

परीक्षा सोपी आहे. मूठभर गादी दाबावी. गोळा तसाच राहिला तर ओल फार, मूठ उघडताच सैल सुटली तर ठीक, धूळ उडाली तर गादी फार कोरडी. मग कोंबडीच्या उंचीवर वाकून वास घ्यावा. डोळे चुरचुरल्यास अमोनिया साचला आहे. अशा वेळी विझवलेला चुना टाकण्याची घाई करू नये, कारण चुन्याने अमोनिया अधिकच सुटतो. आधी वारा खेळता करावा, ओला भाग काढावा व त्या जागी कोरडे तूस घालावे. सुपरफॉस्फेट अमोनिया धरून ठेवते. मात्र चुना व ते एकत्र घालू नये.

रक्ती हगवणीचे जंतू विष्ठेतून पडताच बाधत नाहीत. ओल, ऊब व हवा मिळाल्यास एक-दोन दिवसांत ते बाधक होतात. म्हणूनच ओला भाग काढण्यास दिवसाचीही दिरंगाई नको. श्रावणात अंड्यांचा खप उतरतो व घराकडे दुर्लक्ष होते, नेमके त्याच महिन्यात.

झड अडवण्यासाठी चारी बाजू प्लास्टिकने बंद करण्याची चाल वाढली आहे. तिने आतील वाफ कोंडते. वाऱ्याच्या बाजूस खालचा भाग झापांनी झाकावा, वरचा वीतभर मोकळा ठेवावा, आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील इतके छप्पर पुढे काढावे. दिवाळीच्या सुमारास काढलेली गादी कुजवून माडांस द्यावी.