मशागत आणि राखण

वाचनभाग : उत्पत्ती २:४-१५, स्तोत्र १०४:१०-१८

एकशे चौथ्या स्तोत्राचा कर्ता खोऱ्यांतील झऱ्यांपासून आरंभ करतो. त्या पाण्यावर रानगाढवे तहान भागवतात, काठच्या झाडांवर पाखरे वस्ती करतात, डोंगर भिजतात. मग गुरांना चारा मिळतो आणि त्यानंतर मनुष्याला भाकर, द्राक्षारस व तेल. आपल्या ताटातील अन्नामागे केवढी सृष्टी राबत असते, हे या क्रमावरून ध्यानात येते. आजचे शास्त्र या उपकारांना ‘परिसंस्था सेवा’ म्हणते. अन्न, पाणी व लाकूड पुरवणे. पूर, धूप व हवामान यांना आवर घालणे. माती घडवून जीवनचक्र चालू ठेवणे. आणि मनाला विसावा देणे, असे तिचे चार प्रकार मानले जातात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने झालेल्या २००५ च्या जागतिक अहवालात अशा २४ सेवा तपासण्यात आल्या. त्यांपैकी १५ खालावत असल्याचे आढळले.

१. दोन इब्री शब्द

भूमी आपली सेवा करते; मग आपण भूमीचे कोण? उत्पत्ती २:१५ मध्ये मनुष्याला एदेन बागेत ठेवण्याचा हेतू दोन क्रियापदांनी सांगितला आहे. ‘आबाद’ हे पहिले. जमीन कसणे, चाकरी करणे आणि देवाची उपासना करणे या तिन्ही अर्थांनी ते शास्त्रात येते. ‘शामार’ हे दुसरे. कळप राखणे, पहारा देणे, आज्ञा पाळणे या सर्वांसाठी ते योजले आहे; काइनाने भावाविषयी दिलेल्या उद्धट उत्तरातही त्याचेच रूप आहे. गणना ३:७-८ मध्ये लेव्यांच्या निवासमंडपातील कामासाठी हीच जोडी पुन्हा येते. मराठीत आपण ‘मशागत’ व ‘राखण’ म्हणतो तेव्हा शेत समजते, पण त्यामागील उपासनेचा अर्थ सहज निसटतो. मूळ भाषेत सेवा दुहेरी आहे.

२. मंदिराभोवतीचे रान

या दुहेरी सेवेचे जिवंत उदाहरण उत्तर इथिओपियात पाहावयास मिळते. ताना सरोवराच्या पूर्वेकडील दक्षिण गोंदर प्रदेशात पूर्वीचे डोंगरी अरण्य शेती, चराई व सरपणासाठी बहुतेक नाहीसे झाले आहे. उरले ते मुख्यतः ऑर्थोडॉक्स मंदिरांच्या भोवती. आकाशातून पाहिल्यास पिवळ्या-तपकिरी शेतांमध्ये हिरवे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक उपासनामंदिर. तेथील भाविक या झाडांना मंदिराचाच भाग मानतात, म्हणून ती शतकानुशतके राहिली.

डॉ. अलेमायेहू वासी या इथिओपियन वनशास्त्रज्ञांनी या प्रदेशातील २८ मंदिरांच्या रानांचा अभ्यास केला. काही राने दोन हेक्टरांहूनही लहान होती, तर सर्वांत मोठे सुमारे १०० हेक्टरांचे. तरीही त्यांत मिळून झाडे, झुडपे व वेली यांच्या १६८ जाती आढळल्या. जुनिपर आणि रान जैतून त्यांत आहेत. ही राने मुळांनी माती धरून ठेवतात, पावसाचे पाणी जमिनीत मुरवतात, मधमाश्यांना व पाखरांना आसरा देतात, औषधी पाला पुरवतात आणि उपासकांना सावली देतात.

३. राखण सुटली तर

अभ्यासातून आणखी एक गंभीर गोष्ट पुढे आली. तेथील बहुतेक प्रमुख वृक्षांचे बी मातीत फार काळ साठून राहत नाही. उभे झाड गेले की त्याचे बीही गेले. मातीतून ते रान आपोआप परतत नाही. शिवाय मोकळी गुरे आत शिरून रोपे खातात व तुडवतात. वरून रान हिरवे दिसते. खाली मात्र म्हाताऱ्या वृक्षांची जागा घेणारी तरुण पिढी नसते. मंडळीची तुलना येथे वाचकांनी स्वतःच करावी!

यावरील उपाय साधा निघाला. वासी आणि अमेरिकन शास्त्रज्ञ मार्गारेट लोमन यांनी धर्मगुरूंशी विचारविनिमय केला, आणि गावकऱ्यांनी शेतातील दगड वेचून काही रानांभोवती गडगे रचले. गुरे बाहेर राहिली, रोपांना वाव मिळाला. शेतातील दगड कमी झाल्याने नांगरणीही सुकर झाली. राखण आणि मशागत एकाच श्रमात घडली.

४. आपले आवार

सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास १९७० च्या दशकात माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी केला, तेव्हा श्रद्धेने राखलेल्या रानाचे मोल आपल्याकडेही नोंदले गेले. त्या श्रद्धेचे स्वरूप आपल्याहून वेगळे आहे. परंतु राखणीचा आदेश तर आपल्याच शास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. भारतभर अनेक मंडळ्यांपाशी मंदिराचे आवार, कबरस्तान, शाळेचे पटांगण अशी जागा आहे. तेथील जुना वृक्ष तोडून फरशी घालण्याचा ठराव पंचांपुढे येतो, तेव्हा वाहनांसाठी किती जागा होईल हे मोजले जाते. तो वृक्ष काय देत होता, याचा हिशोब मात्र क्वचितच मांडला जातो. कारभाऱ्याला हिशोबाच्या दोन्ही बाजू लिहाव्या लागतात.

मननासाठी प्रश्न

१. स्तोत्र १०४:१०-१८ मधील कोणकोणत्या सेवा आपल्या गावाला किंवा शहराला आज मिळतात? कोणत्या आटल्या आहेत?
२. ‘आबाद’ या शब्दातील उपासनेचा अर्थ लक्षात घेतल्यास आपल्या रोजच्या कामाकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलते?
३. आपल्या मंडळीच्या आवारात किती झाडे आहेत? त्यांची जागा घेणारी रोपे वाढत आहेत काय? नसल्यास, पहिला दगड कोणी वेचावा?